सोडलेल्या ओळीतला चुकार

कारंजा (घाडगे)
९ जानेवारी २००५

चि. ज्योत्स्नाला वासुदेव बारंगेचे, आणि चुलीजवळून "माहाही लिहा" म्हणून ओरडणाऱ्या तुझ्या काकूचेही, आशीर्वाद.

इतक्या वर्षांनी कारंज्याचं पत्र पाहून कपाळाला आठी पडली असेल. पत्ता नाचणगावला जाऊन तुझ्या आईकडून आणला. ती आधी देईना. म्हणे, "पोरीनं सांगतलं हाय, त्या कामातल्या कोनाले पत्ता द्याचा नाई." मी म्हटलं, मी कामातला नाही, बागेतला आहे. तिनं चहा दिला, बशीत चिवडा दिला आणि मग कुठे पत्ता दिला. अक्षर जरा मोठं येऊन राहिलं आहे, तिकडे लक्ष देऊ नको. पेन नवा आहे.

काम असं आहे. नागपूर-अमरावतीचा रस्ता रुंद होणार. आखणीवाले येऊन चुन्याच्या रेघा ओढून गेले. एक रेघ आपल्या बागेतून गेली. रेघेच्या पलीकडचं सगळं रस्त्याचं. पलीकडे आपली सोडलेली ओळ येते. ओळ कसली म्हणा, बाकीची झाडं तर तुमच्या समोरच एकेक करून गेली. आता त्यातलं एकच संत्र्याचं झाड, आपला चुकार, उभा आहे. यंदाही आंबिया बहाराला लदलदून फळला.

तुला म्हणून सांगतो, ती रेघ पाहिली आणि मला तुमची विद्यापीठाची जीप आठवली. चौऱ्याण्णवचं वर्ष. जीपमधून हेमराज साहेब उतरले, रीता उतरली तिच्या बुरशीच्या बाटल्या छातीशी धरून, आणि तू उतरलीस एक मोठं खोकं घेऊन. आम्हाला वाटलं, टीव्ही आणला. मोतीलाल दुकान उघडं टाकून पाहायला आला. तू म्हणालीस, हा कॉम्प्युटर आहे, याला पाऊस किती झाला, मातीत ओल किती, झाडाच्या खोडातून डिंक किती गळला हे सांगत गेलं की तो पुढच्या महिन्यात रोग कुठवर चढेल ते सांगेल. मोतीलाल म्हणाला, "पंचांग हायच ना बाप्पा घरी." तू म्हणालीस, "पंचांग चुकलं तं कबूल करते काय? हा करते." तेव्हापासून तो वचकला तुला. मग त्याच्याच दुकानाच्या फळीवर तुम्ही खडूनं लिहू लागले, यंदा डिंक्या वाढेल, आळ्यात पाणी साचू देऊ नका. अन् तो गिऱ्हाइकाला वाचून दाखवायचा, जसं काही त्यानंच शोधून काढलं.

चिठ्ठ्यांचा दिवस आठवते का? बाकी ओळींना मोरचुदाचं मलम लावायचं आणि एक ओळ बिनऔषधाची सोडायची, म्हणजे औषधानं खरंच फरक पडतो की नाही ते कळेल, असं साहेबांनी समजावलं. मी नाल्याकडची मेलीसुकली ओळ दाखवली, ही घ्या. तू मान हलवली. "काकाजी, झाडाइत आवडतं-नावडतं केलं का आकडा खोटं बोलते." मग काकूचा साखरेचा डबा रिकामा करवला, ओळींच्या चिठ्ठ्या त्यात टाकल्या, आणि काकूला डोळे मिटून एक काढायला सांगितली. निघाली ती नेमकी माझी रस्त्याकडची लाडकी ओळ. मी संध्याकाळपर्यंत तुझ्याशी बोललो नाही, आणि काकूशी दुसऱ्या दिवसापर्यंत.

तर आता चुकाराचं काय करू ते लिही. पाडतील तेव्हा पाडतील, पण तो नुसता जाऊ नये असं वाटते. फोन नको करू. फोनवर मला फक्त "बरं, बरं" म्हणता येते.

तुझा काकाजी

•

कारंजा
२७ फेब्रुवारी २००५

चि. ज्योत्स्नास,

तुझं उत्तर आलं. एवढं लहान पत्र बंगलोरहून यायला तिकीट लागलं, ह्याचंच काकूला वाईट वाटलं. पण कामाचं सगळं त्यात होतं. चुकाराच्या फांद्यांवरचे डोळे घेऊन नवीन कलमं करायची असं मी योजलं होतं. तू लिहिलंस, वरचा संत्रा तर सगळ्या बागेत एकच आहे, रोगाला न जुमानण्याचा गुण असला तर ज्यावर कलम बांधलं त्या खालच्या जंभेरी लिंबाच्या खुंटात असेल, म्हणून खुंटाला फुटलेला पानसोट वाढू द्या, त्याला जंभेरीची फळं धरतील, त्यातल्या बियांची रोपं खुंटासारखीच निघतील. आहे बाप्पा, बरोबर आहे. पटलं.

फक्त एवढं ध्यानात घे की पानसोट म्हणजे माझा जन्माचा वैरी. कलमाच्या सांध्याखालून तो काटेरी फुटवा वर आला की झाडाचा रस तोच पिऊन टाकते. मी बाप झालो त्याच्या आधीपासून पानसोट तोडून राहिलो. बंडूजीला कामावर ठेवलं तेव्हा पहिला धडा हाच दिला होता, दिसला की विळा लाव. आणि आता तू म्हणतेस त्याला पाणी घाल. घातलं. बोटभर फुटवा आला आहे. आळ्यात वाकलो की मला त्याची माफी मागितल्यासारखं होते.

हेमराज साहेबांना सांगू नका, असं शेवटी लिहिलंस. नाही सांगत. ते रिटायर होऊन रोहण्याला आपल्या गावी राहतात एवढंच ऐकून आहे.

पण ज्योत्स्ना, अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यातली ती दुपार माझ्याच बागेतल्या कोठीत झाली होती, म्हणून दोन शब्द लिहितो. लाइन गेली होती. कॉम्प्युटर काळा होऊन बसला होता आणि तुम्ही दोघं घामानं ओले. साहेब म्हणाले, सोडलेल्या ओळीतली सगळी झाडं रोगानं गेली, एक उभं आहे, ते एक गाळलं की सगळं नीट बसते. तुम्ही त्याला चुकार म्हणायला लागले होते, कळप सोडून भलतीकडे चरणाऱ्या बैलासारखं. तू म्हणालीस, "सर, झाड उभं हाय. शेतात उभं हाय अन् कागदावर मेलं, असं कसं?" ते म्हणाले, त्याच्याखाली मुरूम असेल, पाणी निथरून जात असेल, गुण जागेचा आहे, झाडाचा नाही. तू बाजूला खड्डा खणून दाखवलास, काळी माती निघाली. ते म्हणाले, बाजूला आहे, ठीक बुंध्याखाली नसेल. आणि बुंध्याखाली खणावं तर झाड मरते. तिथे तुमचं बोलणं अडलं ते अडलंच.

ते वाईट माणूस नव्हते, पोरी. वरून तगादा होता, जूनच्या आत छापायला द्यायचं होतं, आणि एका झाडाच्या भरवशावर ते शेतकऱ्याला काही सांगायला भीत होते. ही भीतीही खोटी नव्हती. तू आपलं नाव त्या निबंधावरून खोडायला लावलंस आणि आर्वीच्या गाडीनं गेलीस. काकूनं तुझ्यासाठी रोडग्याचा बेत केला होता. आम्ही तिघंचौघं खात बसलो, साहेबांच्या घशाखाली उतरले नाहीत. तुला हे कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगितलं.

आता साबण किती खपेल त्याचे आकडे करतेस म्हणे. करावे. साबणही लागते माणसाला.

तुझा काकाजी

•

कारंजा
१८ मार्च २००७

चि. ज्योत्स्नास अनेक आशीर्वाद.

फुलला! पानसोट फुलला. माझ्या छातीच्या वर गेला आहे, काटे असे की काकूचा पदर दोनदा फाटला. पांढरी, मागून जांभळट फुलं. संत्र्याच्या फुलांपेक्षा वास जरा उग्र. थोडी फळं धरलीत, बोरापेक्षा लहान. दिवाळीनंतर पिकतील. रस्त्याचं काम कोंढाळीकडून हळूहळू इकडे सरकून राहिलं आहे, पण दिवाळीपर्यंत येत नाही असं सगळे म्हणतात.

गावात माझी बरीच शोभा झाली. मोतीलाल येता-जाता थांबते. "वासुदेवराव, काऊन हो, पानसोट वाढवून राह्यले? झाड मरू घातलं का?" मी म्हणतो, पाहुणा आहे. तो म्हणते, "पाहुन्याले खाऊ घालते मानूस, घर नाई देत लिहून." बाजूच्या शेतातल्या शोभाबाईनं तर काकूजवळ हळूच विचारलं की भाऊजींची तब्येत बरी आहे ना. काकू म्हणाली, "बरी हाय. बंगलोरहून औषध चालू हाय."

फळीवर मात्र अजून खडूनं लिहिते मोतीलाल, डिंक्याचं नाही, साबुदाण्याचा भाव. पण जागा तीच. मी दुकानात गेलो की आधी तिकडेच नजर जाते. पावसाळा लागायच्या आधी तू आणि रीता पर्जन्यमापकाची काच पुसत बसायच्या, आणि काकू रागवायची की माझ्या पातेल्यांना एवढं कुणी पुसलं नाही. रीता कॅनडात आहे म्हणे. तिनं काकूला बर्फाचा फोटो पाठवला होता. काकूनं तो फ्रिजवर लावला आणि म्हणाली, "इथं लावला तं फ्रिज बी थंडा राहीन."

या पत्रात ओळी वाकड्या गेल्या असतील. पाटाखाली काहीतरी आलं होतं.

तुझा काकाजी

•

कारंजा
२३ सप्टेंबर २००७

चि. ज्योत्स्ना,

हे पत्र लिहायला मला चार दिवस जड गेले.

आधी खरं ते सांगतो. पेन नवा नव्हता आणि पाटाखाली काही आलं नव्हतं. मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. लांबवत राहिलो, कारण पानसोटावर नजर ठेवायची होती. शेवटी काकूनं आणि पोरानं मिळून सेवाग्रामला नेऊन घातलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. बागेत कुणाला तरी ठेवावं म्हणून पोरानं बंडूजीला निरोप धाडला. बंडूजी तीन-चार वर्षांपासून पोरीकडे रोहण्याला राहते, थकला आहे. पण माझा निरोप म्हटल्यावर तो उठला आणि आला. त्याला कुणी काही सांगितलं नाही. सांगायचं कुणाला सुचणार? रस्त्याचे साहेब झाडं पाहायला येणार होते, तर बंडूजीला वाटलं, मालक दवाखान्यात, बाग अशी वंगाळ दिसली तर लोक काय म्हणतील.

मी हिरवी पट्टी बांधून दुपारच्या गाडीनं उतरलो. बंडूजी हौदावर विळा धुवून राहिला होता. मला पाहून हसला, म्हणाला, "मालक, पुरी बाग चकाचक केली. चुकाराचा पानसोट तं बाप्पा मानसाएवढा झालता. कोनी पाह्यलंच नाई वाटते."

ज्योत्स्ना, मी तिथेच धुऱ्याच्या बांधावर बसलो. फळं हिरवीच होती. फोडून पाहिली, बिया पाण्यासारख्या. माझ्या तोंडून निघालं, "बंडूजी, काय केलं रे हे." बस एवढंच. पण त्यानं आजवर माझा असा आवाज ऐकला नव्हता. काकू मागून आली. सगळं समजल्यावर ती त्याच्यावर नाही, माझ्यावर बरसली. "जनमभर तुमीच शिकवलं त्याले, दिसला का तोडजो. आता तोडला तं काऊन तोंड पाडता? सोडाचा असते हे कधी शिकवलं?"  

चहा घ्यायला हाक मारली तर बंडूजी नव्हता. विळाही नव्हता, आणि धुऱ्यावर फेकलेला पानसोटही नव्हता. मला भलतंसलतं वाटायला लागलं. पोराला मोटरसायकलवर स्टँडवर पिटाळलं. पानठेल्यावाल्यानं सांगितलं, म्हातारा ओल्या पोत्यात काटे गुंडाळून आर्वीच्या गाडीत बसला.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत तो परत आला. एका जुन्या मोटारीत, आणि मोटार चालवत होते हेमराज साहेब.

मी सांगितलं नव्हतं, तुझी शपथ. बंडूजीला तुमच्यातलं काही माहीतच नाही. त्याच्या हिशेबी झाडाला काही झालं तर झाडाच्या डॉक्टरकडे जायचं, आणि तो डॉक्टर त्याच्या पोरीच्या घरामागच्याच गल्लीत राहते. बंडूजीनंच मग सांगितलं, कंडक्टर काटे पाहून त्याला चढू देईना. "मी म्हनलं, भाऊ, पेशंट हाय. तो म्हने, पेशंटचं तिकीट काढ. काढलं."

साहेबांचे केस सगळे पांढरे झाले. ते आधी चुकाराजवळ गेले. खाली बसून त्यांनी तो ताजा घाव पाहिला. मग मला म्हणाले, "पानसोट वाढवायचं तुमच्या डोक्यातलं नाही हे, वासुदेवराव." मी घावावरची माती बोटानं पुसली. ते म्हणाले, "कशी आहे ती?" मी म्हटलं, बरी आहे. ते म्हणाले, "बरं." आणि कामाला लागले.

फांद्या त्यांनी रात्रीच कापून, बुडाला मुळं फुटायची पावडर लावून, ओल्या रेतीत लावल्या होत्या. म्हणाले, बियांचं गेलं, पण जंभेरी कांडीनंही लागते, सगळ्या नाही लागत, काही लागतील. विळ्यातून सुटलेल्या बारीक फुटव्यांच्या आणखी कांड्या घ्यायला आले होते. बंडूजी त्यांच्यामागे पाण्याची झारी घेऊन फिरत होता, आणि प्रत्येक कांडीला विचारत होता, "हे जगन काय साहेब?" ते प्रत्येक वेळी सांगत होते, "पाहू." जेवायला थांबले. काकूनं विचारलं नाही, रोडगेच केले. यावेळी उतरले.

तू रागावशील तर माझ्यावर रागाव. बंडूजीवर नको. माझा तो आवाज ऐकल्यापासूनचा पहिला घास त्यानं त्या जेवणातच घेतला.

दुसऱ्या डोळ्याचं संक्रांतीनंतर आहे. तुला हे पत्र मी एका डोळ्यानं लिहिलं, पण खरं लिहिलं.

तुझा काकाजी

•

कारंजा
१५ फेब्रुवारी २००९

चि. ज्योत्स्नाला आशीर्वाद.

मधल्या माझ्या पत्रांना तू "पोचलं" यापलीकडे काही लिहिलं नाहीस. आता मशीन आपल्या शिवेपर्यंत आल्याचं आईकडून कळलं असेल, म्हणून परवा तुझं कार्ड आलं. झाड पडलं का, कांड्या जगल्या का, काही नाही. एकच ओळ. "बुंध्याखाली मुरूम निघाला का?" कार्ड वाचून काकू म्हणाली, "हे पोट्टी नाई सुधरत." आणि कार्ड तिनं फ्रिजवर लावलं, बर्फाच्या शेजारी.

सांगतो. सगळं सांगतो, मधे उडी मारू नको.

मशीन सोमवारी आलं. मी साहेबांना कळवलं होतं. ते पांढरी पँट घालून आले, कुठल्या तरी लग्नाला जायचं होतं म्हणून. मशीनवाला मध्य प्रदेशचा पोट्टा, बरा होता. म्हणाला, "दादाजी, हट जाओ, देखा नहीं जाएगा." मी म्हटलं, डोळे बनवून आणले आहेत ते पाहायलाच. चुकाराला तेव्हाही फळ होतं, ते आम्ही आदल्या दिवशी उतरवून घेतलं. मशीननं एकदा रेटलं, झाड तसंच राहिलं. दुसऱ्यांदा रेटलं तेव्हा मुळासकट आडवं झालं. वाईट वाटलं का विचारशील तर हो, वाटलं. बंडूजीनं टोपी काढून हातात धरली होती.

साहेबांनी आधी मुळं पाहिली. साल खरवडली. आतून पिवळी धम्मक, कुठे डिंक नाही, कुठे कुजल्याचा वास नाही. मग त्यांनी मशीनवाल्याला हातानं थांबवलं आणि खड्ड्यात उतरले. पांढऱ्या पँटीनिशी. कुदळ मागितली. ठीक बुंध्याच्या जागी खणायला लागले. मी म्हटलं, साहेब, बंडूजीला द्या. ते म्हणाले, "नाही, हे मलाच खणू द्या." कमरेइतके आत गेले. मशीनवाल्यानं मला विचारलं, "दादाजी, सोना गड़ा है क्या?" मी म्हटलं, पाहू दे त्यांना.

काळी माती. आणखी खाली काळी माती. मुरूम नाही, दगड नाही, रेतीही नाही. बाकीची ओळ ज्यात मेली तीच ही चिकट काळी. पाणी धरून ठेवणारी. साहेबांनी मूठभर हातात घेतली, दाबली, तिचा लाडू झाला. तो लाडू घेऊन ते खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसले.  लग्नाची वेळ निघून गेली. मग त्यांनी मला विचारलं, "तिचा पत्ता आहे ना तुमच्याजवळ?" मी म्हटलं, आहे. ते म्हणाले, "मग तुम्हीच लिहा. मी लिहिलं तर ती फोडणार नाही." मी काय लिहू, विचारलं. तर म्हणाले, "मातीचं लिहा. बाकी तिला समजते."

तर लिहिलं. मुरूम नव्हता.

आता कांड्यांचं. पुष्कळशा वाळल्या. बोटांवर मोजण्याइतक्या धरल्या, पण धरल्या त्या अशा की साहेबांनी त्यांच्यापासून पुन्हा कांड्या करून रोहण्याच्या अंगणात कुंड्याच कुंड्या केल्या. अर्ध्याअधिक त्यांनी तुमचा कॉम्प्युटर होता त्या माझ्या कोठीसमोर आणून ठेवल्या. सोबत साध्या जंभेरीच्याही तितक्याच. म्हणतात, एका झाडावरून काही सांगता येत नाही हे मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो, म्हणून आता नीट परीक्षा घेऊ. काही कुंड्यांत रोगाची माती टाकायची, काही तशाच सोडायच्या, आणि पाहायचं कोण उभं राहते. विद्यापीठातली नवीन पोरं मदतीला यायला तयार आहेत. त्यातली काजल म्हणून एक आहे, ती म्हणाली, कोणत्या कुंडीत टाकायची ते कॉम्प्युटरच काढून देते सर, एका मिनिटाचं काम आहे. साहेब म्हणाले, "नाही. इथे चिठ्ठ्या निघतात. आणि त्या काढायला लावणारी दुसरी आहे."

सोडलेल्यांचे आणि न सोडलेल्यांचे आकडे यावेळी एकही न गाळता लिहायचे, असंही म्हणाले. हे तुला लिहा असं सांगितलं नाही, पण मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं म्हणाले.

बंडूजी रोज कुंड्यांना पाणी घालते. एकाही रोपाला हात लावत नाही, गवतसुद्धा उपटत नाही. म्हणते, "आता मले कोनी लिहून दिल्याशिवाय मी काई तोडत नाई." काकूनं परवा त्याला अंगणातली तुळस खुडायला सांगितली तर माझ्याकडे विचारायला आला.

तेव्हा तू ये; वर्ध्याहून आर्वीची गाडी धर, आर्वीहून कारंजा. स्टँड आता नवीन झाला, रस्त्याच्या धुळीत ओळखू येणार नाही. मोतीलालचं दुकान विचारजो, तिथून बंडूजी आणायला येईल. काही दिवसांचीच सुट्टी मिळाली तरी चालेल. पाऊस लागायच्या आत रोगाची माती टाकायची आहे, म्हणून उशीर करू नको.

आणि एक. काकूनं चिठ्ठ्यांसाठी साखरेचा डबा रिकामा करून, घासून, पालथा घालून ठेवला आहे. साखर कागदात बांधली होती, तिला मुंग्या लागल्या, फेकून द्यावी लागली. तेव्हापासून घरात गुळाचा चहा चालू आहे. मला गुळाचा चहा सोसत नाही, हे तुला माहीत आहे. लवकर येजो.

तुझी वाट पाहणारा
काकाजी